वाळूत दडलेला व्होल्टमीटर

१० सप्टेंबर २०१३ चा दिवस. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू होते. गुडघाभर, कमरेभर पाण्यात माणसांची दाटी झाली होती. बघता बघता एकामागून एक माणसे पाय धरून कळवळत पाण्याबाहेर येऊ लागली. त्या एका दिवसात पन्नासहून अधिक भाविकांना काटा लागला आणि उपचार घ्यावे लागले. काटा मारणारा मासा होता पाकट. इंग्रजीत त्याला स्टिंग रे म्हणतात.

या घटनेची बातमी झाली ती 'पाकटांचा हल्ला' म्हणून. विद्यार्थी मित्रांनो, हा खरोखरच हल्ला होता का? मासे ठरवून माणसांवर चालून आले होते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी त्या माशाची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आपण भिंगारचे. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे दोनशे किलोमीटर. आपल्या बाप्पाचे विसर्जन विहिरीत, तळ्यात नाहीतर हौदात होते. तिथे कुठला आला पाकट? खरे आहे. परंतु हिवाळ्यात शाळेची सहल अलिबागला, मुरूडला, गणपतीपुळ्याला जाते. एस.टी. थांबताच चपला भिरकावून पाण्याकडे धावत सुटणारे तुम्हीच असता! त्यावेळी हा लेख तुम्हाला आठवावा, अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. मग माशावर लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? कारण हा मासा आपल्या अंगात एक व्होल्टमीटर घेऊन हिंडतो, आणि तोही असा की आपल्या प्रयोगशाळेतल्या व्होल्टमीटरने लाजून खाली मान घालावी.

चपटा, पण अगदी वेगळ्या तऱ्हेने

पाकट हा शार्कचा, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीचा, जवळचा नातेवाईक. दोघांच्याही शरीरात हाड नाही. सांगाडा उपास्थीचा असतो, म्हणजे आपल्या बाह्यकानात जो लवचिक पदार्थ असतो त्याच जातीच्या पदार्थाचा. मुशीला वरून दाबून पोळीसारखी लाटली, तर काय होईल? साधारणपणे पाकट होईल. त्याचे छातीकडचे दोन पर रुंद होऊन थेट डोक्याला जोडले गेलेले असतात. त्यामुळे डोके, धड आणि पर मिळून एकच थाळी तयार होते. या थाळीच्या मागे चाबकासारखी शेपटी असते.

ही थाळी तो लाटेसारखी हलवतो. वाऱ्यावर दोरीवरचे धोतर लहरते ना, तशा लहरी पराच्या कडेवरून पुढून मागे धावतात. प्रत्येक लहर पाणी मागे ढकलते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे मासा पुढे सरकतो.

पाकटांच्या कुळात जगभरात सुमारे शंभर जाती आहेत आणि त्यांतील बऱ्याच उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रात राहतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वीत-सव्वा वीत रुंदीची छोटी पाकटे आढळतात. त्यांच्या वंशाला २०१६ पासून ब्रेव्हिट्रायगॉन असे नाव आहे. त्याच समुद्रात अंगभर ठिपके असलेला हिमांतुरा उआर्नाक आणि शेपटीखाली रुंद पडद्यासारखी घडी असलेला पास्तिनाकस सेफेन हेही राहतात. हे दोघे चांगले मीटरभर रुंद होऊ शकतात. छोटे असोत की मोठे, यांचे राहण्याचे ठिकाण एकच: वाळूचा किंवा चिखलाचा सपाट तळ. खाडीचे मुख, चौपाटीचा उथळ उतार, नदीचा गाळ जिथे समुद्रात पसरतो ती जागा. अशा जागी खेकडे, कोळंबी, शिंपले आणि गाळात राहणारे किडे यांची रेलचेल असते. पाकटाचे जेवण तेच.

रणगाड्यासारखा दडून

आपल्याकडचे रणगाडा संग्रहालय तुम्ही पाहिले असेल. युद्धात रणगाडा उघड्या मैदानावर उभा करीत नाहीत. त्याचे धड खड्ड्यात किंवा उंचवट्याआड दडवतात आणि फक्त वरचा बुरूज बाहेर ठेवतात. पाकटाची रीत तीच. तो तळावर बसतो, पराच्या कडा फडफडवून वाळू उडवतो, आणि ती वाळू त्याच्याच पाठीवर बसते. काही क्षणांत मासा नाहीसा! बाहेर राहतात फक्त दोन डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोके.

ही भोके महत्त्वाची आहेत. बहुतेक मासे तोंडाने पाणी आत घेतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. पाकटाचे तोंड पोटाकडे, म्हणजे वाळूत असते. तोंडाने पाणी घेतले तर कल्ल्यांत वाळू जाईल. म्हणून पाठीवरच्या या श्वासरंध्रांतून तो स्वच्छ पाणी आत घेतो आणि खालच्या बाजूच्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतो.

आता या शरीररचनेतली अडचण पाहा. डोळे पाठीवर, तोंड पोटावर. म्हणजे पाकटाला आपल्या तोंडापुढचा घास कधीच दिसत नाही! शिवाय त्याचे भक्ष्य स्वतःही वाळूत पुरलेले. पाणी बहुधा गढूळ. अशा आंधळ्या कोशिंबिरीत हा मासा वाळूतला नेमका खेकडा कसा शोधून काढतो?

लोरेन्झिनीच्या नळ्या

पाकटाच्या किंवा मुशीच्या तोंडाभोवती नीट पाहिले, तर त्वचेवर टाचणीने टोचल्यासारखी शेकडो बारीक छिद्रे दिसतात. इटलीतील स्टेफानो लोरेन्झिनी या वैद्याने १६७८ साली त्यांचे वर्णन केले. प्रत्येक छिद्रापासून एक नळी आत जाते, ती पारदर्शक चिकट रसाने भरलेली असते आणि तिच्या तळाशी एक फुगीर कुपी असते. कुपीच्या भिंतीत संवेदनशील पेशी असतात आणि त्यांच्यापासून मज्जातंतू मेंदूकडे जातात.

या नळ्यांचे काम काय, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षे कोडेच होते. कोणी म्हणे त्या दाब ओळखतात, कोणी म्हणे तापमान. १९६० साली आर. डब्ल्यू. मरे या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या कुप्या विजेला प्रतिसाद देतात, आणि तोही अतिशय क्षीण विजेला.

पण समुद्राच्या तळाशी वीज आली कुठून? ती खेकड्यातून आली, कोळंबीतून आली, तुमच्या-माझ्यातूनही येते. प्रत्येक सजीवाच्या शरीरातील क्षार आणि बाहेरच्या पाण्यातील क्षार यांचे प्रमाण वेगवेगळे असते. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युत्‌भारित आयन होतात. कल्ले आणि तोंडाचे ओले अस्तर यांतून हे आयन आत-बाहेर करतात. आयनांचा प्रवाह म्हणजेच विजेचा प्रवाह! त्यामुळे प्राणी अगदी निश्चल बसला, तरी त्याच्याभोवतीच्या पाण्यात एक क्षीण विद्युत्‌क्षेत्र तयार होते. श्वास थांबवता येत नाही, तसे हे क्षेत्रही बंद करता येत नाही.

आता नळीचे काम पाहू. नळीतला रस विजेचा चांगला वाहक आहे आणि नळीची भिंत चांगली रोधक आहे. म्हणजे नळी ही जणू रबराचे वेष्टण असलेली तार झाली. छिद्रापाशी जे विभव असेल, ते या तारेतून जसेच्या तसे आतल्या कुपीपर्यंत पोचते. कुपीतल्या पेशी नळीतले विभव आणि शरीरातले विभव यांची तुलना करतात. व्होल्टमीटरच्या दोन तारा आपण दोन बिंदूंना लावतो, तोच हा प्रकार. नळी जितकी लांब, तितके दोन टोकांमधले विभवांतर जास्त. वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या शेकडो नळ्यांकडून आलेल्या बातम्या मेंदू एकत्र जुळवतो आणि ठरवतो: उजवीकडे, चार बोटे पुढे, वाळूच्या खाली.

काल्मैन यांचा प्रयोग

'मासा विजेने शिकार शोधतो' हे म्हणणे सोपे, पण सिद्ध कसे करायचे? कदाचित तो वासाने शोधत असेल, कदाचित पाण्याच्या हालचालीने. डच शास्त्रज्ञ ए. जे. काल्मैन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हा शंका एकेक करून कशा दूर कराव्यात याचा नमुना आहे. शिक्षकांनी तो वर्गात अवश्य सांगावा.

काल्मैन यांनी एका टाकीत वाळूखाली जिवंत चपटा मासा पुरला आणि टाकीत एक लहान शार्क सोडला. शार्कने मासा सहज शोधला. यात वास, हालचाल आणि वीज या तिन्ही शक्यता शिल्लक होत्या.

मग त्यांनी तो मासा अगारच्या पेटीत ठेवून पुरला. अगार म्हणजे समुद्रशैवालापासून केलेली जेली. तिच्यातून वीज आरपार जाते, पण वास आणि पाण्याची हालचाल अडते. पेटीतले पाणी एका नळीने दूरवर बाहेर सोडले होते. शार्क नळीच्या तोंडाशी गेला नाही, तो थेट माशावरच झेपावला.

पुढे पेटीत जिवंत माशाऐवजी माशाचे तुकडे ठेवले. आता शार्क नळीच्या तोंडाशी, वासाच्या मागे गेला. तुकड्यांवर तो झेपावला नाही.

त्यानंतर अगारच्या पेटीवर प्लास्टिकचा पातळ पडदा घातला. प्लास्टिक विजेला अडवते. आत मासा जिवंत असूनही शार्कला तो सापडला नाही.

शेवटी काल्मैन यांनी मासाच काढून टाकला. वाळूत दोन विद्युत्‌अग्रे पुरली आणि माशाच्या क्षेत्राइतकाच क्षीण प्रवाह सोडला. शार्क त्या अग्रांवर तुटून पडला आणि वाळू खणू लागला!

या प्रयोगात शार्कबरोबरच रे माशाचीही परीक्षा झाली होती आणि निष्कर्ष तोच आला. पेटीत एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. विज्ञानाची सारी पद्धत या एका टाकीत मावते.

पाच नॅनोव्होल्ट म्हणजे किती?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील गोल पाकटांवर काल्मैन यांनी पुढे काम केले. हे पाकट दर सेंटिमीटरला ५ नॅनोव्होल्ट इतके क्षीण क्षेत्र ओळखू शकतात, असे त्यांना आढळले. एक नॅनोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा शंभर कोटीवा भाग. आकडा ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून एक गणित करू.

आपला साधा विजेरीचा सेल १.५ व्होल्टचा असतो. त्याची दोन टोके पाण्यात किती अंतरावर ठेवली, तर दर सेंटिमीटरला ५ नॅनोव्होल्ट पडतील? १.५ ला ५ नॅनोव्होल्टने भागा. उत्तर येते ३० कोटी सेंटिमीटर, म्हणजे ३,००० किलोमीटर! भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे सेलचे एक टोक काश्मीरात आणि दुसरे कन्याकुमारीला अशी कल्पना करा आणि मध्ये सगळा समुद्र आहे असे समजा. त्या समुद्रात कोठेही बसलेल्या पाकटाला सेल जोडल्याचे कळेल.

मग हा मासा मैलभर दूरचा खेकडा ओळखतो का? नाही. खेकड्याच्या शरीरावर धन आणि ऋण अशी दोन्ही टोके जवळजवळ असतात. अशा जोडीचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठवा हिस्सा होते. समजा, ५ सेंटिमीटरवर क्षेत्र दर सेंटिमीटरला ४,००० नॅनोव्होल्ट आहे. मग १० सेंटिमीटरवर ते ५००, २० वर सुमारे ६२ आणि ४० वर फक्त ८ उरते. हातभर अंतर गेले की ५ च्या खाली! तेव्हा पाकटाची ही संवेदना हातभरच पोचते, पण त्या हातभरात तिच्यातून काही सुटत नाही. दूरचे काम नाक करते, जवळचे काम वीज करते.

हवेतून असे क्षीण प्रवाह वाहत नाहीत. हवा रोधक आहे, खारे पाणी उत्तम वाहक आहे. वाघाला किंवा घारीला असे ज्ञानेंद्रिय असून काही उपयोग नव्हता. ते समुद्रातच शोभते.

करून पाहा

एक पसरट प्लास्टिकचा ट्रे घ्या आणि त्यात दोन बोटे नळाचे पाणी घाला. ट्रेच्या दोन टोकांना, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, तांब्याच्या दोन पट्ट्या उभ्या करा. दीड व्होल्टचे दोन सेल एकसर जोडून त्यांच्या तारा या पट्ट्यांना लावा. घरातली वीज या प्रयोगात चुकूनही वापरू नका.

आता मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांपासून बरोबर १ सेंटिमीटर राहतील अशी एका आइस्क्रीमच्या काडीला बांधा आणि ती पाण्यात बुडवा. काडी दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने धरली, की वाचन सर्वांत जास्त येईल. हिशोबाने ते ०.१ व्होल्ट यायला हवे. प्रत्यक्षात थोडे कमी येईल, कारण पट्ट्यांच्या पृष्ठभागापाशीही काही व्होल्ट खर्ची पडतात. काडी हळूहळू आडवी फिरवा. वाचन उतरत जाऊन शून्याजवळ येईल. म्हणजे तुमच्या या 'पाकटाला' विजेचे अस्तित्व तर कळलेच, शिवाय तिची दिशाही कळली!

आता तुलना करा. तुम्ही जे मोजले, त्याच्या दोन कोटीव्या भागाइतके क्षेत्र खरा पाकट ओळखतो.

होकायंत्रही आहे का?

दहावीच्या पुस्तकात तुम्ही विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन शिकता. वाहक तार चुंबकीय क्षेत्राला छेदत गेली की तिच्या टोकांमध्ये विभवांतर निर्माण होते. खाऱ्या पाण्याने भरलेला मासा हाही वाहकच, आणि पृथ्वी स्वतः एक चुंबक. तिचे क्षेत्र सुमारे ०.००००४ टेस्ला. मासा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने या क्षेत्राला काटकोनात पोहत असला, तर वेग आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराइतके विद्युत्‌क्षेत्र तयार होते, म्हणजे दर मीटरला ०.००००२ व्होल्ट. सेंटिमीटरच्या हिशोबात हे २०० नॅनोव्होल्ट झाले. पाकटाची मर्यादा ५ आहे. म्हणजे हे क्षेत्र तिच्या चाळीस पट!

मासा दिशा बदलेल तसे हे क्षेत्रही बदलेल. १९८२ साली काल्मैन यांनी दाखवले, की चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवरून योग्य बाजूला वळायला पाकटांना शिकवता येते. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो. या माशाला हात नाही, पण नियम बहुधा त्याच्या अंगात मुरलेला आहे.

काटा कशासाठी?

आता गिरगावच्या काट्याकडे वळू. पाकटाच्या शेपटीवर, बुडाकडच्या भागात, एक किंवा कधी दोन कठीण काटे असतात. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले करवतीसारखे दाते असतात. म्हणून तो आत सहज जातो, पण बाहेर येताना मांस फाडतो. काट्याच्या खालच्या बाजूला दोन खाचा असतात आणि त्यांत विष तयार करणारी पेशींची पट्टी असते. वरून पातळ त्वचेचे आवरण असते. काटा घुसला की आवरण फाटते आणि विष जखमेत उतरते. काटा जुना झाला की गळून पडतो आणि नवा येतो.

या काट्याने पाकट शिकार करीत नाही. काटा शेपटीवर आणि तोंड दुसऱ्या टोकाला, त्याचा घास मिळवायला उपयोग काय? तो आहे फक्त स्वसंरक्षणासाठी. पाकटाला खाणारे मोठे शार्क असतात. ते वरून झडप घालतात. म्हणून पाठीवर भार पडला की शेपटी कमानीसारखी वर येते आणि काटा बसतो. पाठीवर पडलेला भार शार्कचा की भाविकाचा, हे विचारायला त्याला वेळ नसतो.

हल्ला की पाऊल?

आता एक हिशोब करू. तो मानलेल्या आकड्यांचा आहे, हे ध्यानात ठेवा. समजा, उथळ पाण्यात दर दहा गुंठ्यांना, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरला, एकच पाकट आहे. मासा वीतभर रुंद, पाऊलही वीतभर लांब. माशाच्या मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटरच्या आत पाऊल पडले तर ते माशावर पडले असे धरू. या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.१२५ चौरस मीटर होते. म्हणजे ८,००० पावलांत एक पाऊल माशावर. एक माणूस पाण्यात वीस पावले चालला, तर धोका चारशेत एक. एकटादुकटा माणूस वर्षानुवर्षे पाण्यात उतरेल आणि त्याला काहीच होणार नाही. पण त्याच पाण्यात एका दिवशी वीस हजार माणसे अनवाणी उतरली तर? २०,००० भागिले ४००, म्हणजे पन्नास!

पाहिलेत? कोणी चालून आले नाही, कोणी डाव रचला नाही. दहा गुंठ्यांत एक मासा आणि पुष्कळशी पावले, एवढे पुरते. माशाला तिथी-वार कळत नाही. उथळ गाळाचे पाणी हे त्याचे नेहमीचे घर आहे. आपण त्याच्या छपरावर पाय दिला. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: तो हल्ला नव्हता, ती गर्दी होती.

उपायही यातच आहे. मुंबई महानगरपालिका अलीकडे गणेशोत्सवात पाकट आणि जेलीफिश यांच्याबाबत सावध करते, अनवाणी पाण्यात उतरू नका असे सांगते. सहलीला गेलात की तुम्ही आणखी एक करा. पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत सरकवा. घासण्याची थरथर वाळूतून पुढे जाते आणि पाकट आधीच उठून निघून जातो. पाय घासत जाताना तो माशाच्या कडेला लागेल, पाठीवर पडणार नाही. धावतपळत, उड्या मारत पाण्यात शिरणाऱ्यालाच धोका अधिक.

तरीही कोणाला काटा लागलाच, तर घाबरून जाऊ नका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. हे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने निकामी होते, त्यामुळे ठणका पुष्कळ उतरतो. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने आपल्या हाताने पाहावे, कारण वेदनेत जखमी माणसाला भाजलेले कळत नाही. रक्त वाहत असेल तर दाबून धरा आणि दवाखान्यात जा. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल, तर तो ओढून काढू नये, तसेच रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रेलियातील प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाचा काटा छातीत घुसून मृत्यू झाला. पण अशा घटना अत्यंत विरळ. बहुतेक काटे पायालाच लागतात आणि माणूस बरा होतो.

खरा धोका कोणाला?

माणसाला पाकटापासून असलेला धोका हा एवढाच. उलट बाजूचा हिशोब मात्र फार मोठा आहे.

बांगड्यासारखा मासा हजारोंनी अंडी घालतो. त्यांतली बहुतेक नष्ट झाली, तरी वंश चालतो. पाकटाची रीत निराळी. तो अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. गर्भातले पिल्लू आधी अंड्यातील बलकावर वाढते. मग मादीच्या गर्भाशयाच्या अस्तरावरील धाग्यांसारख्या उंचवट्यांतून एक स्निग्ध रस झिरपू लागतो, अक्षरशः गर्भाशयातले दूध, आणि पिल्लू त्यावर पोसते. जन्मताना त्याचा काटा आवरणात असतो, त्यामुळे आईला इजा होत नाही. एवढी काळजी घ्यायची तर पिल्ले थोडीच असणार. जातीप्रमाणे एका वेळी एक-दोन, फार तर पाच-सहा. मोठ्या जातींना वयात यायलाही काही वर्षे लागतात.

किनाऱ्याची रापण असो, डोल जाळे असो, पाकट सर्वांत सापडतो. कोळी बांधवांना तो नवा नाही, कोकणात तो खाल्लाही जातो. परंतु ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळच खरवडत जाते. वाळूत दडून बसणे ही ज्या माशाची लाखो वर्षांची युक्ती, ती या जाळ्यापुढे लंगडी पडते. पाच नॅनोव्होल्ट ओळखणाऱ्या इंद्रियाला नायलॉनचे जाळे कळून काय उपयोग? कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात पाकट आणि त्यांची पिल्लेही येतात. २०२१ साली जगभरातील शास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात असे दिसले, की शार्क, पाकट आणि त्यांच्या नातलगांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून गंगेतील पाकट आणि पाठभर काटे असलेला काटेरी पाकट यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. गंमत अशी, की या काटेरी पाकटाच्या शेपटीवर विषारी काटाच नसतो!

पाकटावर रागावून किंवा घाबरून त्याला मारणे हे म्हणूनच दुहेरी अज्ञान आहे. तो आपल्यावर चालून येत नाही, आणि एक मादी मेली तर तिची जागा भरून निघायला वर्षे लागतात.

या हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जाल, तेव्हा ओहोटीच्या वेळी मासे उतरवणाऱ्या होड्यांकडे जरूर जा. टोपलीत पाकट दिसला तर कोळीदादांना विचारून तो उलटा करून घ्या. शेपटीला हात लावू नका. पोटाच्या बाजूला तोंड, कल्ल्यांच्या पाच-पाच फटी आणि तोंडाभोवती टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतील. लोरेन्झिनीने १६७८ साली पाहिली ती हीच. त्यांवर बोट फिरवून पाहा, चिकट रस लागेल. ३,००० किलोमीटरवर ताणलेला दीड व्होल्टचा सेल ओळखणारे उपकरण तुमच्या बोटाखाली असेल. आणि मग पाण्यात जा. पाय घासत, सावकाश.